वाड्याच्या जिन्यात सेलवरचा एलईडी दिवा: ड्रायव्हर बदलण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच लक्षात येईल. नारायण पेठेतला जुना वाडा, लाकडी जिना, दिवसाही अंधार. जिन्यातला सामाईक बल्ब सारखा जातो, गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते ती वेगळीच, आणि आजी पहाटे उठून खाली उतरतात. म्हणून तुम्ही तपकीर गल्लीतून बारा व्होल्टची एलईडी पट्टी आणि एक बूस्ट मॉड्यूल, म्हणजे सेलचे व्होल्ट चढवणारा ड्रायव्हर, आणलंत, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला १८६५० आकाराचा लिथियम-आयन सेल त्याला जोडलात आणि फूटभर पट्टी छताला चिकटवलीत. रात्री दहाला लावलेली पट्टी दीडच्या आत मान टाकते. तुम्ही विचारलंय की यापेक्षा चांगला ड्रायव्हर कोणता. शिवाय दोन उपप्रश्न आहेत: थेट २३० व्होल्टवर कपॅसिटर लावून एलईडी चालवावेत का, आणि घड्याळातले उतरलेले सेल ज्यूल थीफवर, म्हणजे अशा सेलचे व्होल्ट चढवून एलईडी पेटवणाऱ्या छोट्या सर्किटवर, लावून काही साधेल का.

ड्रायव्हर बदलू नका, काढून टाका. तुमच्या सेलमधली वीज ड्रायव्हरमध्ये जाते त्यापेक्षा कितीतरी जास्त दुसऱ्याच तीन ठिकाणी जातेय: दिवा रात्रभर जळतो, तो पायरीपासून फार लांब आहे, आणि एलईडीतून गरजेपेक्षा जास्त करंट जातोय. मी पंचवीसेक वर्षं असे छोटे दिवे करतोय. जो येतो तो सर्किटपासून सुरुवात करतो. सुरुवात जिन्यापासून करायची.

आधी आत्ताच्या जोडणीचा हिशेब. मीटरला साठ एलईडी असलेली साधी पट्टी मीटरमागे ४.८ वॅट घेते. तुमच्या तीस सेंटिमीटरमध्ये १८ एलईडी येतात, म्हणजे १.४४ वॅट. बूस्ट मॉड्यूल चांगलं चाललं तर ८५ टक्के धरा, म्हणजे सेलमधून १.७ वॅट ओढले जातात. ३.७ व्होल्टला भागलं की साडेचारशे मिलिअँपिअरच्या वर. जुन्या सेलमध्ये १५०० मिलिअँपिअर-तास उरले असले तरी सव्वातीन तासांत खेळ संपतो. दहाला लावलेला दिवा सव्वाला. म्हणजे तुमचा सेलही नीट आहे आणि मॉड्यूलही. हिशेबच तसा आहे.

आता त्या पट्टीच्या आत बघा. दर तीन एलईडींचा एक गट असतो आणि त्या गटात एक बारीक रेझिस्टर बसवलेला असतो. तीन एलईडी मिळून साडेनऊच्या आत व्होल्ट घेतात, उरलेले अडीच व्होल्ट तो रेझिस्टर उष्णतेत घालवतो. म्हणजे तुम्ही ३.७ व्होल्ट चढवून १२ केलेत, त्यात पंधरा टक्के गेले, आणि चढवलेल्यातले वीसेक टक्के रेझिस्टरने जाळले. एलईडीपर्यंत पोचले साधारण दोन तृतीयांश. ही पट्टी बारा व्होल्टच्या गाडीत किंवा अडॅप्टरवर उत्तम चालते, तिथे तिला काही नाव ठेवायचं कारण नाही. एका सेलवर मात्र ती आणूच नये.

पांढऱ्या एलईडीची गंमत अशी की तो मुळात निळा असतो. निळी चकती आणि वर पिवळसर फॉस्फरचा थर, दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. हा कार्यक्षम निळा एलईडी बनवल्याबद्दलच आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या प्रकाशाचा कण जास्त ऊर्जेचा, म्हणून अशा एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास लागतात, लाल एलईडीसारखं दोनात भागत नाही. आणि लिथियम-आयन सेल देतो ४.२ पासून ३ पर्यंत. किती जवळ आहेत हे दोन आकडे! एकेकट्या एलईडीला एकेक साधा रेझिस्टर लावून थेट सेलवर टाकलं तरी २.७ भागिले ३.७, म्हणजे ७३ टक्के वीज एलईडीला मिळते. तुमच्या बूस्ट आणि पट्टीच्या जोडीपेक्षा जास्त, आणि तीही काही पैशांच्या रेझिस्टरवर. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा ३.२ व्होल्टचा सेल मिळाला, सोलर दिव्यांत असतो तो, तर हाच आकडा ८० टक्क्यांच्या वर जातो.

तुम्ही म्हणाल, २.७ कुठून आले, एलईडीच्या कागदावर तर ३.१ लिहिलंय. तो आकडा पूर्ण करंटचा असतो. करंट कमी केला की एलईडीवरचे व्होल्टही उतरतात. माझ्याकडचे २८३५ आकाराचे एलईडी तीन मिलिअँपिअरवर २.७च्या आसपास बसतात. आणि इथेच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे: एलईडी कमी करंटवर जास्त कार्यक्षम असतो. करंट वाढवत नेला की उजेड वाढतो खरा, पण दर मिलिअँपिअरमागे मिळणारा उजेड घटत जातो. म्हणून एका एलईडीला पिळण्यापेक्षा चार एलईडी आरामात चालवावेत. अगदीच तळाला, मिलिअँपिअरच्या छोट्या अंशावर गेलात, तर कार्यक्षमता पुन्हा घसरते. दोन ते पाच मिलिअँपिअर ही छोट्या दिव्यांची सुखाची जागा आहे.

हे माझ्या सांगण्यावर मानू नका, घरी करून बघा. लक्स मीटर लागत नाही. एक पोस्टकार्ड घ्या, मधोमध गोडेतेलाचा एक थेंब सोडा आणि पुसून टाका. रुपयाएवढा तेलकट ठिपका राहील. खोलीत पूर्ण अंधार करा. टेबलावर एका बाजूला एक एलईडी २० मिलिअँपिअरवर, दुसऱ्या बाजूला त्याच जातीचे चार एलईडी प्रत्येकी ५ मिलिअँपिअरवर, एकमेकांना खेटून. मधे पोस्टकार्ड उभं धरा. एका बाजूने बघितलं तर ठिपका भोवतालच्या कागदापेक्षा उजळ किंवा गडद दिसेल. कार्ड मागेपुढे सरकवत राहा. एका जागी ठिपका जवळजवळ मावळतो, कागद आणि ठिपका एकसारखे दिसतात. तिथे दोन्ही बाजूंचा उजेड सारखा. आता पट्टीने अंतरं मोजा. ठिपका एकट्या एलईडीच्या जवळ मावळलेला दिसेल, कारण सेलमधून तेवढाच करंट घेऊन चौघे जास्त उजेड देतायत. अंतरांच्या वर्गांचं गुणोत्तर म्हणजे उजेडाचं गुणोत्तर: एकीकडे २० सेंटिमीटर आणि दुसरीकडे ३०, तर लांबचा दिवा सव्वादोनपट. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बर्नरला ज्याचं नाव आहे त्या बुन्सेनची ही १९व्या शतकातली युक्ती. दोन्ही बाजूंचे एलईडी एकाच रंगछटेचे हवेत, नाहीतर ठिपका कधीच नीट मावळत नाही आणि आपण उगाच डोळे ताणत बसतो. माझ्या टेबलाच्या खणात असं एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड कायम असतं.

याच वर्गाच्या नियमाचा तुमच्या जिन्याला फार मोठा फायदा आहे. छत पायरीपासून अडीच मीटर असेल आणि तुम्ही एलईडी पंचवीस सेंटिमीटरवर आणलात, तर अंतर दहापट कमी झालं आणि पायरीवर पडणारा उजेड शंभरपट झाला. शंभरपट! कुठलाही ड्रायव्हर तुम्हाला हे देणार नाही. अर्थात जवळ आणलेला एलईडी थोडीच जागा उजळतो, म्हणून एकाऐवजी सहा लावायचे. तुमच्या जिन्याला बारा-तेरा पायऱ्या असतील, तर दर दोन पायऱ्यांमागे एक, भिंतीच्या बाजूला, घोट्याच्या थोडं वर. वायर जाड लागत नाही, जुन्या लॅन केबलमधली एक जोडी पुरते.

आणि एलईडी डोळ्यांना दिसता कामा नये. वाड्यांचे जिने उभे असतात, चढणाऱ्याचं तोंड पायऱ्यांच्या जवळ असतं. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांसमोर उघडा एलईडी आला की बाहुली आकसते आणि शेजारची पायरी आणखीच काळी वाटते. मी पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण अर्धं कापतो, आतून पांढरा कागद चिकटवतो आणि टोपीसारखं एलईडीवर बसवतो. उजेड फक्त खाली पडतो. वयस्कर माणसांसाठी ही टोपी एलईडीच्या वॅटपेक्षा महत्त्वाची आहे. रंग पिवळसर घ्या, २७०० ते ३००० केल्विनचा. शुभ्र एलईडी वॅटमागे थोडा जास्त उजेड देतो हे खरं, पण रात्री तो खुपतो आणि पावसाळ्यात किडेही जास्त येतात.

आता वेळ. जिन्यात माणूस असतो किती वेळ? रात्रीत साठ फेऱ्या धरल्या, जे तुमच्या वाड्यात होणं कठीण आहे, आणि प्रत्येक फेरीला वीस सेकंद, तर होतात वीस मिनिटं. सहा एलईडी, प्रत्येकी तीन मिलिअँपिअर, एकूण अठरा. अठरा गुणिले एक तृतीयांश तास म्हणजे सहा मिलिअँपिअर-तास. दिवसाचे सहा! १५०० असलेला सेल कागदावर सात महिन्यांच्या वर चालतो. जुना सेल नुसता ठेवला तरी आपोआप उतरतो, म्हणून मी चार महिने धरीन. तरी कुठे सव्वातीन तास आणि कुठे चार महिने.

यासाठी माणसाची चाहूल घेणारा पीआयआर सेन्सर लागतो. बाजारात दोन मिळतात. मोठ्या पांढऱ्या घुमटाचा एचसी-एसआर५०१ नेहमीचा आहे, पण त्याला साधारण पाच व्होल्ट लागतात. तुम्ही बोटाच्या पेराएवढा एएम३१२ घ्या. तो २.७ व्होल्टपासून चालतो आणि नुसता बसून असताना पंधरा मायक्रोअँपिअरच्या आत घेतो, म्हणजे दिवसाला अर्धा मिलिअँपिअर-ताससुद्धा नाही. बसून असतानाचा करंट हा अशा दिव्यांचा खरा शत्रू आहे. कुणीतरी मधे ७८०५ रेग्युलेटर टाकतं. तो एकटाच पाचेक मिलिअँपिअर पितो, दिवसाला १२०, दिवा एकदाही न लागता. मॉड्यूलवरचा लुकलुकणारा लाल इंडिकेटरही तसाच, तो मी सोल्डरिंग आयर्न टेकवून पहिल्यांदा काढून टाकतो.

सर्किट असं. सेन्सरचा सिग्नल १एन४१४८ डायोडमधून एओ३४०० मॉस्फेटच्या गेटवर. मॉस्फेट म्हणजे इथे गेटवरच्या व्होल्टवर चालू-बंद होणारा स्विच. गेट आणि ऋण यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर २.२ मेगओहम. मॉस्फेटच्या ड्रेनवर सहाही एलईडींची ऋण टोकं एकत्र, आणि प्रत्येक एलईडीच्या धन टोकाला आपापला ३३० ओहमचा रेझिस्टर, तिथून सेल. एएम३१२ स्वतः दोनेक सेकंदच सिग्नल देतो. पुढची अठरा-वीस सेकंदं तो कपॅसिटर हळूहळू रिकामा होताना मिळतात. शेवटी दिवा पटकन विझत नाही, मंद होत होत मावळतो, कारण मॉस्फेट हळूहळू बंद होतो. जिन्यात हे फार चांगलं. माणूस अर्ध्यात असेल तर त्याला हात हलवायची आठवण होते, एकदम काळोख होत नाही.

इथे दोन खड्डे आहेत, मी दोन्हींत पाय घातलाय. पहिला: तो १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरॅमिक घ्या. मी पहिल्यांदा साधा इलेक्ट्रोलिटिक लावला होता. वेळ कधी आठ सेकंद, कधी बारा, थंडीत वेगळी, उन्हाळ्यात वेगळी. २.२ मेगओहममधून जाणारा करंट एका मायक्रोअँपिअरच्या घरातला, आणि इलेक्ट्रोलिटिकची स्वतःची गळतीच तेवढी असू शकते. दोन संध्याकाळी मी मॉस्फेट बदलत बसलो होतो आणि दोष कपॅसिटरमध्ये होता. दुसरा: एलईडी विझले की सेलचे व्होल्ट किंचित हलतात, सेन्सरला वाटतं कुणीतरी आलं, आणि दिवा स्वतःच स्वतःला पुन्हा पेटवतो. रात्रभर लागतो आणि विझतो. सेन्सरच्या धन वायरीत १०० ओहम आणि त्यानंतर सेन्सरच्या पायांशी १०० मायक्रोफॅरड टाका, बंद होतं. इथे इलेक्ट्रोलिटिक चालेल.

दिवसा दिवा लागू नये म्हणून एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारा रेझिस्टर, लावतात, पण तुमच्या जिन्यात दिवसाही अंधार आहे, तेव्हा नकोच. एकच सुचवतो: सगळ्यात वरच्या पायरीवर एक एलईडी कायम चालू ठेवा, ४.७ किलोओहम लावून. पाव मिलिअँपिअरच्या आसपास करंट जाईल, दिवसाला पाच-सहा मिलिअँपिअर-तास. उजेड म्हणावा एवढा तो नाही, पण काळोखात जिना कुठे सुरू होतो हे दिसतं. सेलचं आयुष्य यामुळे जवळजवळ निम्मं होतं, चाराचे दोन महिने. आजींसाठी मी हे करीन.

सेल उतरत जाईल तसा दिवा थोडा मंद होतो, कारण साधा रेझिस्टर करंट स्थिर ठेवत नाही. ४.२ व्होल्टवर एका एलईडीतून साडेचार मिलिअँपिअर, ३.२वर दीडच्या वर. डोळ्याला हा फरक एक-तृतीयांश वाटत नाही, डोळा फार समजूतदार आहे. हळूहळू घडलेला बदल तर कळतच नाही. आणि उजेड कमी झालेला दिसला की सेल चार्ज करायची वेळ झाली हे आपोआप समजतं.

सेलबद्दल मात्र मी कडक आहे. लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला सेल दोन व्होल्टच्या खाली गेलेला असेल तर त्याला जिवंत करायला जाऊ नका, तो ई-कचऱ्यात द्या. चार्ज करताना हाताला गरम लागला तर तोही बाद. प्लास्टिकचं वेष्टन फाटलं असेल तर वापरू नका. टीपी४०५६चं चार्जिंग मॉड्यूल घेताना संरक्षण असलेलं घ्या, सहा टोकांचं. ते येतं एक अँपिअरवर लावलेलं. त्यावर १२२ लिहिलेला बारीक रेझिस्टर असतो, तो काढून २०२ लिहिलेला लावला की करंट सहाशे मिलिअँपिअरच्या आत येतो, जुन्या सेलला तेवढा बास. हेच मॉड्यूल ३.२ व्होल्टच्या फॉस्फेट सेलला लावू नका, ते ४.२पर्यंत चढवतं आणि त्या सेलची मर्यादा ३.६५ आहे. आणि शेवटची गोष्ट: दीडशे वर्षांच्या सागवानी जिन्यात सेल चार्ज करायचा नाही. पत्र्याच्या डबीत सेल ठेवा, दोन महिन्यांनी काढून घरात आणा, शहाबादी फरशीवर ठेवा, आपण जागे असताना चार्ज करा. चार तासांचं काम आहे. लाकूड, जुनी वायरिंग आणि लिथियम यांचा एकत्र विचार केला की मला झोप लागत नाही.

मोजमापाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तुम्ही लिहिलंय की सेन्सर लावून पाहिला आणि मीटर मधे घातल्यावर तो वेड्यासारखा वागला. सेन्सर ठीक आहे, मीटर मधे आलाय. स्वस्त मल्टिमीटरच्या २००० मायक्रोअँपिअरच्या रेंजमध्ये आत साधारण १०० ओहमचा रेझिस्टर असतो. बसून असताना काही बिघडत नाही, पण एलईडी लागले की त्या शंभर ओहमवर बरेच व्होल्ट पडतात, सेन्सरला मिळणारे व्होल्ट खालीवर होतात आणि तो बिघडल्यासारखा वागतो. यावर उपाय असा: सेलच्या वायरीत १ किलोओहम टाका आणि त्याच्या दोन टोकांना वायरीचा तुकडा जोडून तो शॉर्ट करून ठेवा. सर्किट शांत झालं, दिवा विझला, की तुकडा काढा आणि रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट वाचा. पंधरा मिलिव्होल्ट म्हणजे पंधरा मायक्रोअँपिअर. दिवा लागलेला असतानाचा करंट मोजायचा तर एक ओहमचा रेझिस्टर टाका, एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर. माझं अर्ध्याहून जास्त मोजमाप या दोन रेझिस्टरांवर चालतं.

सामान घेताना एक सावधगिरी. घरी पडलेले जळके एलईडी बल्ब फोडून त्यातले एलईडी काढायचा मोह होतो, आणि काढावेतही. त्यात बहुतेकदा एकच एलईडी गेलेला असतो, मध्ये काळा ठिपका दिसतो, बाकीचे ठणठणीत. पण बल्बमधल्या बऱ्याच एलईडींच्या पोटात दोन-तीन किंवा जास्त चकत्या एकामागे एक जोडलेल्या असतात. त्यांना सहा, नऊ, कधी अठरा व्होल्ट लागतात. सेलवर ते लागणारच नाहीत आणि तुम्हाला वाटेल मेले. ट्यूबलाइटच्या पट्टीतून मात्र बरेचदा तीन व्होल्टवाले निघतात. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी अशा पट्ट्या मिळतात. ३३० ओहम आणि भरलेला सेल खिशात घेऊन जा, जागच्या जागी लावून बघा.

२३० व्होल्टवर थेट कपॅसिटर लावण्याचं उत्तर: नाही. हे चालतं हे मला माहीत आहे. एक मायक्रोफॅरड आपल्या पन्नास हर्ट्‌झवर बहात्तर मिलिअँपिअर सोडतो, ०.४७ चौतीसच्या आसपास, हिशेब सोपा आहे आणि खर्च नगण्य. पण त्या सर्किटचा प्रत्येक बिंदू, एलईडीचा पायसुद्धा, मेन्सला जोडलेला असतो. तरुणपणी मी गणपतीच्या आरासीसाठी अशी माळ केली होती. कपॅसिटर एका दुकानातून स्वस्त मिळाला म्हणून घेतला, मेन्सवर लावायच्या एक्स२ प्रकारचा नव्हता, आणि त्याला समांतर रेझिस्टर लावायचा मी राहू दिला होता. स्टुलावर उभा राहून प्लग काढला आणि पिना हाताला लागल्या. प्लग भिंतीत नव्हता, तरी कपॅसिटर भरलेला होता. २३०चं शिखर ३२५ व्होल्ट असतं. झटक्याने स्टुलावरून खाली आलो, कोपर आठवडाभर सुजलं होतं. पडलो ते मखराच्या बाजूला नाही, भिंतीच्या बाजूला, एवढंच नशीब. जिन्यात लहान मुलं वायरीला हात लावणार, पावसाळ्यात भिंती ओलावणार. मेन्सवर चालवायचंच असेल तर खणात पडलेला जुना मोबाइलचा पाच व्होल्टचा चार्जर घ्या, दर एलईडीला ६८० ओहम लावा. चार्जरच्या आत मेन्स आणि आपण यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, आणि काम तेच होतं.

राहिला ज्यूल थीफ. हे सर्किट मला मनापासून आवडतं आणि प्रत्येकाने एकदा करावं. एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, एक फेराइटची कडी आणि त्यावर जोडीने गुंडाळलेल्या दोन वायरी. जुन्या सीएफएलच्या बोर्डावर हिरवट किंवा काळी छोटी कडी असते, ती काढा, आधीची वायर सोडवा. दोन रंगांच्या बारीक वायरी एकत्र धरून पंधरा-वीस वेढे घाला. एकीचं सुरुवातीचं टोक आणि दुसरीचं शेवटचं टोक जोडा, तिथे सेलचं धन. उरलेल्या दोन टोकांपैकी एक थेट कलेक्टरला, दुसरं १ किलोओहममधून बेसला. एमिटर ऋणला. एलईडी कलेक्टर आणि एमिटरच्या मध्ये. लागला नाही तर दहापैकी नऊ वेळा एका वायरीची टोकं उलटी जोडली गेलेली असतात, ती अदलाबदल करा. घड्याळ बंद पाडलेला सेल या कडीतून पांढरा एलईडी पेटवतो तो क्षण मला अजूनही तितकाच आवडतो.

पण कार्यक्षम म्हणाल तर साध्या रूपात नाही. बीसी५४७ आणि पहिली सापडलेली कडी घेऊन मी मोजलं तेव्हा निम्म्याहून कमी वीज एलईडीपर्यंत पोचत होती. बीसी३३७ लावला, जो जास्त करंट सहज पेलतो, कडी थोडी मोठी घेतली, एक किलोओहमच्या जागी दहा किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, ठेवून उजेड आणि करंट यांचा सगळ्यात चांगला मेळ शोधला, तेव्हा ते प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास आलं. त्याहून वर नेणं कठीण, कारण दीड व्होल्टाच्या सेलवर ट्रान्झिस्टरमध्ये पडणारा दशांश व्होल्टही मोठा वाटा खातो. जिन्यासाठी म्हणून तो नको. देवघरातल्या कोनाड्यात, बाथरूमच्या बटणाशी खूण म्हणून, किंवा दिवाळीत लहान मुलाच्या हातच्या कंदिलात तो शोभतो. भरता येणारा १.२ व्होल्टचा निकेल सेल त्यावर लावू नका, ज्यूल थीफ त्याला तळापर्यंत पिळून खराब करतो. त्या सेलसाठी सोलर बागदिव्यातली चार पायांची क्यूएक्स५२५२ आयसी आणि एक इंडक्टर पुरतो. इंडक्टर लहान केला की करंट वाढतो, आणि सोलर पॅनेल त्याच आयसीला अंधार झाल्याचंही कळवतं. आणि उतरलेले सेल ज्यूल थीफमध्ये महिनोन्‌महिने विसरू नका. पूर्ण रिकामे झालेले सेल फुटून गळतात, आणि ते पाणी होल्डरच्या पत्र्या खातं.

तर या रविवारी बाजारात जाऊन आणायचं ते एवढंच: एएम३१२ एक, एओ३४०० दोन, कारण तो तांदळाएवढा असतो आणि सोल्डर करताना एक हमखास उडून हरवतो, १० मायक्रोफॅरड सिरॅमिक, ३३० ओहमचे दहा, झिरो पीसीबीचा, म्हणजे भोकांच्या कोऱ्या बोर्डाचा, तुकडा, १८६५०चा होल्डर, आणि वर सांगितलेले एलईडी, डायोड आणि बाकीचे रेझिस्टर-कपॅसिटर. सेन्सर खालच्या पायरीशी लावलात तर वरून उतरणाऱ्याला तो उशिरा पाहतो, म्हणून मधल्या वळणावर लावा, घुमट पायऱ्यांच्या आडवा. समोरून येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस पीआयआरला चटकन दिसतो. डबी दुहेरी चिकटपट्टीने लावू नका, तेलरंगाच्या लाकडावर ती जुलैत सुटते; दोन छोटे स्क्रू मारा. आणि झाकणाच्या आत पेन्सिलीने चार्ज केल्याची तारीख लिहून ठेवा. पहिल्यांदा दिवा मंद झालेला आजींना जाणवला की ती तारीख आणि त्या दिवशीचे सेलचे व्होल्ट मला कळवा, त्यावरून तुमच्या सेलमध्ये खरंच किती जीव आहे ते सांगता येईल.